फोका म्हणजे शिक्का

अयोध्याच्या नवऱ्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते मोबाइलवर. उदगीरच्या स्टँडवर गाडी लावून आम्ही चहा पीत होतो. तिनं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "मामा, हे आमचे मालक. नमस्कार करा." मी नमस्कार केला. पडद्यावर उंच पांढरी टोपी घातलेला एक माणूस होता. त्यानं माझ्याकडं पाहिल्यासारखं केलं आणि मागं वळून कुणाला तरी काही बोलला. तिकडं चार-पाच जण हसले. मग तो अयोध्याला म्हणाला, "ओला, मि फोका." ते परत हसले. अयोध्याही हसली.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "फोका म्हणजे काय गं?"

"स्पॅनिश हाय मामा. फोका म्हणजे शिक्का, मोहर. म्हणतेत, तू माझ्यावरचा शिक्का हाईस."

मला फोकनाड हा एकच जवळचा शब्द माहीत होता, आणि त्या टोपीकडं पाहून मला तोच आठवला. पण दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल आपण कशाला बोलावं. मी चहा संपवला.

माझं नाव व्यंकटी. सव्वीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरून आहे. अयोध्या माझ्या गाडीवर सहा वर्षं कंडक्टर होती. नांदेडहून लोहा, कंधार, जळकोट करत उदगीर, आणि तसंच परत. बाई अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी ती वाट काढत मागच्या सीटपर्यंत जायची आणि कुणाचं तिकीट राहायचं नाही. तिकीट न काढता खिडकीबाहेर बघत बसणारा माणूस ती दारातूनच ओळखायची. माणसाचा खोटेपणा तिला लगेच कळायचा. घरच्या एकाच माणसाचा तिला चार वर्षं कळला नाही, आणि त्यात तिची चूक किती होती ते मी पुढं सांगतोच.

तो माणूस लखन. कंधारचा. इकडं होता तोवर एका हॉटेलात मॅनेजर म्हणवून घ्यायचा, म्हणजे आलेल्या गिऱ्हाइकाला कोणत्या टेबलावर बसायचं ते सांगायचा. मग कुण्या एजंटाच्या ओळखीनं स्पेनला गेला. सारागोसा नावाचं शहर आहे, तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागला. कांदा चिरायचा आणि भांडी घासायची. त्यात वाईट काही नाही. माझा मेहुणा लातूरला दालमिलमध्ये पोती उचलतो आणि पोती उचलतो असंच सांगतो. लखन मात्र शेफ होता. ती टोपी दुसऱ्या कुणाची होती, हे आम्हाला नंतर कळलं.

कंधारमध्ये त्याची आई गुणाबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की माझ्या लेकाच्या हातचं खायला तिकडं लोक रांग लावतात. धाकटा भाऊ शिवशंकर त्याला मोनोभैया म्हणायचा. तिकडं त्याला सगळे मोनो म्हणतात आणि मोनो म्हणजे देखणा, असं लखननंच सांगितलं होतं. स्वतःच स्वतःला देखणा म्हणून घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. कंधारच्या लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. परदेशी गेलेल्या माणसानं काहीही सांगावं आणि इथल्यांनी माना डोलवाव्यात, अशी ती सगळी मंडळी.

आता अयोध्याचं. तिनं डोळे झाकून विश्वास ठेवला असं कुणी म्हणू नये. तिनं तो शब्द मोबाइलमध्ये टाकून पाहिला होता. मोबाइलनं मराठीत लिहून दिलं, 'सील, शिक्का'. तिनं मला ते दाखवलं. आमच्या पार्सलच्या पिशव्यांना शिशाचं सील असतं, ते मला माहीत होतं, त्यामुळं मलाही पटलं. नवरा सांगतो तेच मशीन सांगतं म्हटल्यावर बाईनं आणखी कुणाला विचारायचं?

मग तो शब्द पसरला. ती हौसेनं सांगायची आणि लोक हौसेनं घ्यायचे. आमच्या डेपोत तिला फोकाबाई म्हणायला लागले. मीही म्हणायचो. गाडी सुटायची वेळ झाली की मी हॉर्न देऊन ओरडायचो, "चला फोकाबाई," आणि ती हसत येऊन डबल बेल द्यायची.

तिची पोरगी रेणुका, दहा वर्षांची, आईसारखीच गुटगुटीत. तिला बापानं फोनवर फोकिता म्हणायला सुरुवात केली. फोकिता म्हणजे छोटा शिक्का. पोरीनं ते पांढऱ्या पेनानं दप्तरावर लिहिलं. आणि गुणाबाईला तर लखननं मुद्दाम शिकवलं. फोन लागला की तो म्हणायचा, "आई, तुझी सून कोण आहे, सांग बरं सगळ्यांना." गुणाबाई दात नसलेल्या तोंडानं म्हणायची, "माझी सून फोका." तिकडं हसण्याचा असा कल्लोळ व्हायचा की फोनचा आवाज फाटायचा. म्हातारीला वाटायचं, आपलं कौतुक चाललंय.

यंदा शिवशंकरचं लग्न ठरलं आणि लखन यायचं ठरलं. चार वर्षांत पहिल्यांदा. येताना तो एक पाहुणा घेऊन आला, त्याच्याच स्वयंपाकघरातला मुख्य आचारी. राऊल नाव. पन्नाशीचा, डोक्याला टक्कल, पोट शर्टाच्या बटणांना झेपत नव्हतं. त्याला हिंदुस्थान बघायचा होता. लखननं त्याला कंधारला न्यायला चारचाकी सांगून ठेवली होती, पण राऊलनं ऐकलं की लखनची बायको बस चालवते, म्हणजे बसमध्ये काम करते, तर तो म्हणाला, मग तिच्याच बसनं जाऊ. लखनला ते पसंत नव्हतं. नांदेडच्या स्टँडवर तो गाडीत चढला तो काळा चष्मा लावून, आणि बायको खाकी कपड्यात समोर उभी असताना तिच्याकडं न बघता थेट मधल्या सीटवर जाऊन बसला.

अयोध्या मशीन घेऊन त्याच्यापाशी गेली. "कंधार दोन. एक अर्धं रेणुकाचं."

"माझं कशाला काढतेस?" तो म्हणाला. तो आता न्हाई, हाय, हाव असं बोलत नव्हता. पुण्याच्या माणसासारखं घासूनपुसून बोलायचा.

"गाडी महामंडळाची हाय," अयोध्या म्हणाली. "माझ्या माहेरची न्हाई."

त्यानं मुकाट्यानं पाकीट काढलं.

राऊल पुढं, दाराजवळच्या सीटवर बसला होता. बापाला आणायला आलेली रेणुका त्याच्या शेजारी. गाडी शहराबाहेर पडली, तिकिटं झाली, आणि अयोध्या पुढं येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. मला आरशात सगळं दिसत होतं. तिनं सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या. हे वाक्य ती दोन दिवस घोकत होती, माझ्यासमोरच घोकत होती. ती म्हणाली, "ओला. यो सोय फोका."

म्हणजे, नमस्कार, मी फोका.

राऊलनं हात पुढं केला होता, तो तसाच अर्ध्यावर राहिला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग मागं वळून लखनकडं पाहिलं. लखन हसला. एकटाच हसला. राऊल त्याला हळू आवाजात दोन-चार शब्द बोलला. मला भाषा कळत नव्हती, पण माणूस शिवी हासडतो तेव्हा त्याचा जबडा कसा होतो ते कळतं.

"काय म्हणले ते?" अयोध्यानं विचारलं.

"म्हणतो, उच्चार छान आहे," लखन म्हणाला.

आईचं कौतुक झालं म्हणून रेणुका उठून उभी राहिली. सीटच्या दांडीला धरून म्हणाली, "यो सोय फोकिता."

राऊलनं टकलावरून हात फिरवला आणि तोंड खिडकीकडं वळवलं. सोनखेड गेलं, लोहा गेलं, तो बाहेरच्या हरभऱ्याकडं बघत बसला. अयोध्या तिच्या सीटवर बसून त्याच्या पाठीकडं बघत होती. मी आरशात तिचं तोंड पाहिलं. तिकीट न काढलेल्या माणसाकडं ती जसं बघायची, तसं ती बघत होती. फक्त या वेळी त्या माणसाकडं नव्हे, त्याच्या पलीकडं.

कंधारला शिवशंकर चार मित्र आणि दोन हार घेऊन स्टँडवर हजर होता. लखन आधी उतरला. त्याच्या गळ्यात हार पडला, कुणी फोटो काढला, कुणी पायाही पडलं. राऊल उठला, तर अयोध्या दारात आडवी उभी.

"रेणुका, तू खाली काकाकडं जा," ती म्हणाली. "मामा, दोन मिनटं गाडी काढू नका."

मी इंजिन बंद केलं. तिनं मोबाइल काढला, तोंडाजवळ धरला आणि मराठीत विचारलं, "फोका म्हणजे काय?" मोबाइलनं ते स्पॅनिशमध्ये म्हटलं. राऊलनं घाम पुसला. मग स्वतःच्या फोनवर एक चित्र काढून तिच्यापुढं धरलं. मीही केबिनमधून मान वळवून पाहिलं. काळं, चकचकीत, मिशा असलेलं, पाय नसल्यासारखं एक जाडजूड जनावर बर्फावर लोळत पडलं होतं.

"जनावर हाय?" अयोध्या म्हणाली.

मोबाइलमधली बाई म्हणाली, "हा समुद्रातील प्राणी आहे."

"मग शिक्का?"

राऊलला ते कळलं नाही. अयोध्यालाच थोड्या वेळानं उमगलं. इंग्रजीत त्या जनावराला सील म्हणतात. मोबाइलनं स्पॅनिशचं इंग्रजी केलं, आणि इंग्रजीचं मराठी करताना जनावराचा शिक्का झाला. ती मला म्हणाली, "घोळ झाला मामा. यांनी लबाडी केली आन् मशीननं त्यांना साथ दिली."

मग तिनं पुन्हा विचारलं. "बाईमाणसाला कुणी फोका म्हणलं, तर?"

मोबाइलनं विचारलं. खाली लखनच्या कपाळाला गुलाल लागत होता. राऊल बोलला तेव्हा इतकं हळू बोलला की फोनला ऐकू गेलं नाही; त्याला परत बोलावं लागलं.

"लठ्ठ स्त्री," मोबाइलमधली बाई म्हणाली. "हा चांगला शब्द नाही. हा अपमान आहे." आणि मग, "स्वयंपाकघरात आम्ही सगळे हसत होतो. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही हसत होता."

"आन् मोनो?" ती म्हणाली.

"माकड," मोबाइल म्हणाला.

राऊलनं घाईनं हात हलवला आणि बरंच काही सांगितलं. मोबाइलनं ते तोडून तोडून दिलं. मोनोचा गोंडस असाही अर्थ होतो. बाळ मोनो आहे, घर मोनो आहे, असं म्हणतात. पण माणसाला त्या नावानं हाक मारली, तर ते माकडच.

"यांना तुम्ही कोणत्या अर्थानं म्हणता?"

राऊलनं खिडकीतून लखनकडं पाहिलं. "आम्ही हाक मारतो," मोबाइल म्हणाला. "तो हसतो."

अयोध्या दारातून बाजूला झाली. राऊल उतरला. तिनं डबल बेल दिली. मी गाडी काढली.

उदगीरपर्यंत ती तिकिटं काढत राहिली. स्टँडवर चहा आला तो तिनं तसाच ठेवला. मग म्हणाली, "दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले. गल्लीत सांगितलं, शाळेत सांगितलं, डेपोत सांगितलं. तुम्हीपण म्हणायचे."

"हाव," मी म्हणालो. "म्हणायचो."

मला अर्थ माहीत नव्हता, हे मी सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं, आणि त्यानं काही फरक पडत नव्हता.

तीन दिवसांनी कंधारला लग्न. मीही गेलो. मंगल कार्यालयाच्या दारावर नवरा-नवरीच्या फोटोपेक्षा मोठा फोटो लखनचा, टोपी घातलेला. अक्षता पडायच्या आधी त्याचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. परदेशात जिल्ह्याचं नाव उज्ज्वल केल्याबद्दल म्हणे. कांदा चिरून जिल्ह्याचं नाव कसं उज्ज्वल होतं, हे त्या व्यासपीठावरच्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लखननं भाषण केलं. शेवटी स्पॅनिशमध्ये एक ते दहा आकडे म्हणून दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राऊल पहिल्या रांगेत बसून बुंदी खात होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या.

जेवणं उठल्यावर मी हात धुवायला कार्यालयाच्या मागं गेलो. तिथं चुली होत्या, भांड्यांचा ढीग होता, आणि गुणाबाई खुर्ची टाकून उरलेल्या अन्नावर लक्ष ठेवून बसली होती. लखन पाहुण्याला पान कुठं मिळेल ते विचारायला आला होता. तेवढ्यात अयोध्या आली.

"फोका, जेवलीस का गं?" गुणाबाईनं विचारलं. बाईच्या मनात काही नव्हतं.

"आत्या, तो शब्द आजपासून बंद," अयोध्या म्हणाली.

"का? माझ्या लेकानं ठेवलेलं नाव हाय."

"त्यांनाच विचारा, काय अर्थ हाय त्याचा."

लखननं इकडंतिकडं पाहिलं. मला पाहिलं, पण मी ड्रायव्हर. माझ्यासमोर लाजावं असं त्याला वाटलं नसावं. "इथं नको," तो म्हणाला. "पाहुणे आहेत."

"पाहुण्यालाच विचारून आले मी."

त्याचं तोंड उतरलं. पण सवय झालेला माणूस लगेच हार मानत नाही. तो म्हणाला, "अगं, तिकडं प्रेमानं म्हणतात. लाडाचा शब्द आहे. तुला तिकडची पद्धत माहीत नाही."

"मग आत्याला म्हणा," अयोध्या म्हणाली. आवाज चढवला नाही. "आत्ता, माझ्यासमोर. त्या माझ्यापेक्षा भरलेल्या हाईत, आन् तुमचं प्रेमपण त्यांच्यावर जास्त हाय."

लखननं खांद्यावरची शाल सारखी केली.

"काय म्हणायचंय मला?" गुणाबाई म्हणाली. "म्हण की."

"आई, तू आत जा."

"न्हाई जात. म्हण."

त्याला म्हणता आलं नाही. तेव्हा अयोध्यानंच सांगितलं. समुद्रातलं एक लठ्ठ जनावर असतं, त्याला फोका म्हणतात, आणि जाड बाईला तिकडं तसं म्हटलं की ती शिवी होते. तिनं ते असं सांगितलं, जसं प्रवाशाला सांगतात की ही गाडी मुखेडला जात नाही.

गुणाबाईला सुनेचं वाईट वाटलं, असं मी म्हणणार नाही. तेवढी ती बाई चांगली नाही. तिनं लेकाला विचारलं, "मी म्हणले की ते हसायचे, ते त्याच्यामुळं?"

लखन फेट्याशी चाळा करू लागला.

"माझ्या तोंडून म्हणवून घेतलंस. मला वाटायचं, म्हातारी त्यांची भाषा बोलून राहिली म्हणून कौतुक करायलेत. मी शेजारच्या नागम्माला बोलवून बसवायची ऐकायला." ती उठली. उठताना तिनं खुर्चीचा हात धरला. लखन धरायला पुढं झाला, तर तिनं कोपरानं त्याला मागं सारलं. "आन् पोरीला पण," ती म्हणाली आणि आत गेली.

लखन अयोध्याच्या जवळ सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "माझी इज्जत घालवू नकोस. आज शिवाचं लग्न आहे." बोलताना त्याची नजर मांडवाकडं जात होती, राऊल बसला होता त्या बाजूला. दुसऱ्या शब्दाची त्याला धास्ती होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मोनोचा अर्थ त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

"तुम्हाला तिथं काय म्हणतेत ते मला कळलंय," अयोध्या म्हणाली. "मी कुणाला सांगणार न्हाई. मलाच लाज वाटती सांगायला. पण रेणुकाला तिच्या नावाचा अर्थ तुम्ही सांगायचा. तुमच्या तोंडानं. जायच्या आत."

तो हो म्हणाला.

मी हात धुतले आणि निघालो. परत येताना मी विचार करत होतो. ज्या माणसाला चार वर्षं रोज तोंडावर माकड म्हणतात आणि ज्याला नोकरीसाठी त्यावर हसावं लागतं, त्याची कीव यायला हवी. मी प्रयत्न केला. आली नाही. तिथं गिळायचं आणि घरी फोन लावून आपल्याच बायको-पोरीवर थुंकायचं, तेही आपल्या आईच्या तोंडानं, आणि वर त्या माकड म्हणणाऱ्यांनाच ते ऐकवून त्यांच्याबरोबर हसायचं, म्हणजे तेवढा वेळ तरी आपण त्यांच्यातले होतो. असा माणूस गरीब बिचारा नसतो. तो हलका असतो.

त्याची सुट्टी अजून एकोणीस दिवस होती. तो नांदेडला अयोध्याच्या घरी राहिला. रोज सकाळी ड्युटीवर निघताना ती विचारायची, "सांगितलं?" तो म्हणायचा, "आज सांगतो." त्यानं पोरीला आइस्क्रीम खायला नेलं, दोन फ्रॉक घेतले, एक सायकल घेतली. दहा वर्षांच्या पोरीसमोर एक वाक्य बोलायचं त्याच्यानं झालं नाही. अकराव्या दिवशी म्हणाला, बॉसचा फोन आलाय, तातडीनं बोलावलंय. आठ दिवस आधीच विमानात बसला. त्याचा तो बॉस, म्हणजे राऊल, त्या दिवशी माहूरला रेणुकादेवीच्या पायऱ्या चढत होता. आमच्याच डेपोच्या एका ड्रायव्हरनं त्याला तिथं सोडलं होतं.

मग अयोध्यानंच पोरीला सांगितलं. दुपारी, भाकरी थापताना. चित्रही दाखवलं. रेणुकानं चित्र पाहिलं आणि एकच विचारलं, "पप्पांना माहीत होतं?"

"हाव," अयोध्या म्हणाली.

पोरीनं पट्टीच्या कडेनं दप्तरावरची अक्षरं खरवडली. अर्धी निघाली, अर्धी नाही निघाली. दुसऱ्या दिवशी अयोध्यानं नवीन दप्तर आणलं. शाळेत मात्र तिला पोरं पुढं कितीतरी दिवस फोकीच म्हणत होती. त्यांना अर्थाशी काय देणंघेणं.

राऊल परत जाताना नांदेडच्या स्टँडवर अयोध्याला भेटायला आला. माहूरचा प्रसाद घेऊन आला होता. मोबाइलमधून माफी मागितली. म्हणाला, त्याला स्वतःलाही लहानपणी शाळेत जाडेपणावरून चिडवायचे. अयोध्यानं प्रसाद घेतला आणि बरं म्हणाली. मला त्याचं काही फार वाटलं नाही. माणूस समोर उभा राहिला की सगळ्यांनाच माणुसकी आठवते. फोनमध्ये ती बाई दोन वर्षं त्याला रोज दिसत होती, तेव्हा तो पोट धरून हसत होता. आणि परत जाऊन तो लखनला कोणत्या नावानं हाक मारणार होता, हे मी विचारलं नाही.

आमच्या डेपोत मी सगळ्यांना सांगितलं की ते नाव बंद करा. बहुतेकांनी केलं. दोघा-तिघांनी मुद्दाम चालू ठेवलं. अर्थ कळल्यावर तर त्यांना जास्तच गंमत वाटायला लागली. अशी माणसं सगळीकडं असतात. अयोध्यानं त्यांच्याशी भांडण केलं नाही. ती त्यांच्याशी बोलायचीच नाही. एकाला एकदा तिच्याशी ड्युटी बदलून हवी होती, तर तिनं साहेबांसमोर त्याच्याकडं न बघता "जमणार न्हाई" एवढंच म्हटलं.

पावसाळ्यानंतर लखननं कागद पाठवले. बायको आणि मुलीला तिकडं न्यायचे कागद, जे तो चार वर्षं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत होता. प्रेमापोटी पाठवले की भीतीपोटी, ते त्याचं त्याला माहीत. मला विचाराल तर भीतीपोटी. तोंड उघडेल अशी बाई इकडं ठेवण्यापेक्षा जवळ ठेवलेली बरी. अयोध्यानं कागद दोनदा वाचले, रेणुकालाही वाचायला दिले. दोघींनी ठरवलं आणि कागद परत गेले. त्याच महिन्यात तिनं वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेचा अर्ज भरला.

कंधारमध्ये आता लखनचं असं सांगणं आहे की मी तर बायकोला सगळी सोय करून बोलावलं, पण तिला सरकारी नोकरीचा मोह सुटत नाही. कंधारच्या लोकांना ते पटलं आहे. कार्यालयातला तो फोटो शिवशंकरनं घरात लावलाय. फक्त गुणाबाई फोन घेत नाही. कुणी कानाला लावायला दिला तर म्हणते, मला ऐकू येत नाही. तिचे कान चांगले आहेत. चुलीवर दूध उतू चाललं की ते अंगणातून तिला ऐकू येतं.

अयोध्या परीक्षा पास झाली. आता लोह्याच्या स्टँडवर असते, टेबल, रजिस्टर आणि माइक घेऊन. माझी गाडी तिथं दहा मिनिटं थांबते. परवा मी वेळेची नोंद करायला आत गेलो, तेव्हा तिचा फोन वाजत होता. तिनं उचलून स्पीकरवर टाकला, पण चेहरा दाखवायचा तो फोन नव्हता, नुसता आवाज होता.

"अयोध्या, बोलायचं होतं जरा," लखन म्हणाला.

"ड्युटीवर हाय," ती म्हणाली. "रेणुका पाचला येती शाळेतून. तिला विचारते. तिला बोलायचं असलं तर ती लावील."

तो काही म्हणत होता. तिनं फोन ठेवला, माझ्या नोंदीवर सही केली आणि माइक जवळ ओढून परभणीच्या गाडीची सूचना दिली.